मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळाने उच्छाद मांडलाय, टेस्टमध्ये मात्र सगळं शून्य

खारट_मी

नमस्कार मंडळी,

घरी 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. खाली छोटा सम्प (जोडटाकी), त्यात स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि फिल्टर सॉक (गाळायची कापडी पिशवी). क्लाउनफिशची जोडी, एक गोबी, आणि झोआ, मश्रूम असे सोपे कोरल. टाकीला अजून वर्ष झालेलं नाही. खडक कोरडा आणून लावलेला आहे.

खडकांवर हिरवं, केसांसारखं लांब शेवाळ माजलंय. ओढलं की झुपका हातात येतो, पण बुडखा खडकाला तसाच राहतो आणि आठवडाभरात पुन्हा जैसे थे. आता ते झोआंच्या मधून वर यायला लागलंय, त्यामुळे कडेचे काही झोआ उमलतच नाहीत. वाळूवर वेगळाच प्रकार: लालसर-जांभळा पापुद्रा. बोट लावलं की अख्खी साय निघावी तसा निघतो. दुपारनंतर त्यावर बुडबुडे दिसतात, सकाळी तो जरा कमी वाटतो.

टेस्ट (रंग जुळवायचा किट): नायट्रेट 0, फॉस्फेट 0. घनता 1.025, तापमान 26. दिवे 10 तास. पाणी घरच्या पिण्याच्या आरओचं, त्यातच मीठ कालवतो.

टेस्ट शून्य, तर हे शेवाळ जगतंय कशावर? शेवाळ मारायचं औषध मिळतं म्हणे, ते घालावं का?

भरती_ओहोटी

टेस्ट मोजते ते पाण्यात *उरलेलं*. तुमच्याकडे जे काही सुटतंय ते शेवाळ आधीच गट्टम करतंय, मग किटला काय सापडणार? एवढं हिरवं रान ज्या टाकीत आहे तिथे शून्य हा आकडा मी तरी मानत नाही.

दुसरं म्हणजे रंग जुळवायच्या किटवर 0.1 पीपीएम फॉस्फेट आणि शून्य यातला फरक डोळ्यांना कळत नाही, आणि आपल्याला तर तेवढाच फरक बघायचा असतो. फॉस्फेटसाठी डिजिटल मीटर घ्या किंवा कुणाचा तरी आणा. काही मीटर फॉस्फेट न दाखवता फॉस्फरस दाखवतात, तेही पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग; पीपीएम म्हणजे दशलक्षात). तो आकडा 3.066 ने गुणून 1000 ने भागायचा. म्हणजे मीटरवर 60 आले तर फॉस्फेट 0.18 पीपीएम. हा गुणाकार न करता अनेक जण निष्कारण घाबरतात किंवा निष्कारण निश्चिंत राहतात.

आणि कोरडा खडक! त्यात जुना फॉस्फेट मुरलेला असू शकतो. पाण्यातला कमी केला की खडक पुन्हा सोडतो. काही टाक्यांत हे महिनोन्‌महिने चालतं.

सिंधुसखा

आधी शत्रू ओळखा, मग शस्त्र काढा. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळूवरचा लाल पापुद्रा हे शेवाळ नाहीच, तो सायनोबॅक्टेरिया (सायनो, एक प्रकारचे जिवाणू) दिसतोय. तरी डायनो (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय सूक्ष्मजीव) नाहीत ना, एवढी खात्री करून घ्या. डायनोंचा रंग बहुधा तपकिरी असतो, शेंबडासारखे तंतू लोंबतात, टोकाला बुडबुडे असतात, आणि गोगलगाई मरायला लागतात.

घरी करण्यासारखी सोपी परीक्षा: थोडा पापुद्रा टाकीच्याच पाण्यासकट लहान बाटलीत घ्या, चांगला खळखळून हलवा, टिश्यूतून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. पाण्यात पुन्हा तंतू जमून गोळा झाला तर डायनो. नुसतेच तुकडे पडून पाणी स्वच्छ राहिलं तर सायनो.

हिरव्याचाही एक झुपका भिंगाखाली बघा. पिसासारखी मधली दांडी आणि दोन्ही बाजूंना फांद्या असतील तर ते ब्रायोप्सिस, त्याचा इलाज वेगळा. साधे गुंतलेले केस असतील तर नेहमीचं हेअर अल्गी.

आणि तुमच्या आरओचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) किती?

खारट_मी

दोघांनाही धन्यवाद. बाटलीची परीक्षा केली, गोळा झाला नाही. हिरव्याला पिसं नाहीत, केसच आहेत. आरओचा टीडीएस 38 आला. त्यात चवीसाठी मिनरल कार्ट्रिज आहे.

सिंधुसखा

मग तो आरओ माणसांसाठी उत्तम आणि टाकीसाठी कुचकामी. मिनरल कार्ट्रिजच्या आधीचं पाणी काढता येत असेल तर तिथून काढा आणि पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांची) नळी जोडा. टीडीएस 0 यायला हवा. लक्षात घ्या, टाकीतून वाफ होते ती फक्त पाण्याची. तुम्ही रोज भर घालता त्यातलं बाकी सगळं टाकीतच साठत जातं.

रेझिन संपत आलं की सिलिकेट लवकर निसटतं, तेव्हा मीटर अजून बराच बरा आकडा दाखवत असतो. काचेवर तपकिरी पावडर दिसायला लागली की मी रेझिन बदलतो, मीटरची वाट बघत नाही.

प्रवाळवेडी

औषधाचा विचार सोडा. तांब्याचं असेल तर गोगलगाई, कोळंबी, कोरल सगळ्यांचा निकाल लागेल. दुसरं कुठलं असलं तरी एवढं शेवाळ एकदम मेलं की ते सडतं, ऑक्सिजन खाली येतो आणि त्यातलं सगळं पोषण पुन्हा पाण्यात. महिन्याभरात तुम्ही इथेच परत धागा काढाल.

हाताने काढणं कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. फक्त पद्धत बदला. सायफनच्या नळीच्या तोंडाशी जुना टूथब्रश रबरबँडने बांधा आणि पाणी बदलतानाच घासा, म्हणजे सुटलेला तुकडा थेट बादलीत जातो. आधी वेव्हमेकर (प्रवाह करणारा पंप) बंद करायचा, नाहीतर तुकडे टाकीभर उडून नवी वस्ती करतात. जे खडक सुटे उचलता येतात ते टाकीच्याच काढलेल्या पाण्यात बाहेर घासा. कोरल नसलेल्या दगडावर बाहेरच 3 टक्क्यांचा हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावून काही मिनिटं ठेवला आणि खाऱ्या पाण्यात धुऊन परत टाकला तर बुडखेही पांढरे पडतात. झोआंमधलं मात्र चिमट्यानेच, एकेक केस. रबरी हातमोजे घाला आणि झोआ चुरडू नका, काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. डोळ्याला ओला हात अजिबात नको.

दिवे 10 तास जास्त होतात, 7-8 वर आणा. सॉक दर तीन-चार दिवसांनी धुवा. त्यात अडकलेली घाण तुमच्याच पाण्यात विरघळत असते.

तळ्यातमळ्यात

एवढं कशाला? सम्पमध्ये जीएफओची (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) मोठी पिशवी टाका, फॉस्फेट शून्य. शिवाय एक टँग (शेवाळ खाणारा मासा) आणा, दोन दिवसांत खडक चाटून पुसून साफ.

प्रवाळवेडी

200 लिटरमध्ये टँग म्हणजे त्या माशाचा छळ. गोगलगाईच आणा: टर्बो, ट्रोकस. टर्बो त्यातल्या त्यात लांब केस खाते, पण सैल बसवलेले कोरल पाडतेही. बाकीच्या लांब शेवाळाच्या वाटेला जात नाहीत, म्हणून आधी घासून आखूड करायचं, मग त्यांना कामाला लावायचं.

भरती_ओहोटी

आणि जीएफओ एकदम भरपूर नको. फॉस्फेट झपाट्याने पाडला की कोरलना धक्का बसतो. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही खरंच शून्यावर गेले की डायनोंना मोकळं रान मिळतं. त्यांच्यापुढे तुमचं आत्ताचं हिरवं शेवाळ परवडलं म्हणाल. नायट्रेट 5-10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 च्या दरम्यान, एवढं पुरे.

खारट_मी

मीटर मिळाला. फॉस्फरस 52 पीपीबी, म्हणजे गुणाकार करून फॉस्फेट 0.16. नायट्रेट अजूनही जेमतेमच. मग माशांना कमी खायला घालू का?

भरती_ओहोटी

नको, दोघा-तिघांचं खाणं तोडून काही साधणार नाही. गोठवलेलं खाणं गाळणीत धुऊन घाला, त्याचं वितळलेलं पाणी टाकीत ओतू नका, बस. तुमचा नायट्रेट तळाला आणि फॉस्फेट वर, हे प्रमाण सायनोला फार मानवतं. स्किमर थोडे दिवस कोरडा चालवा, म्हणजे फेस गडद आणि कमी येईल, नायट्रेट जरा वर चढेल. जीएफओ घालायचंच तर पाकिटावरच्या मापाच्या पाव भागापासून सुरू करा आणि आठवड्याला मोजा. वाळूवरचा पापुद्रा दर पाणीबदलाला सायफन करा, आणि तिथे प्रवाह पोचतोय का बघा. सायनोला साचलेली जागा आवडते.

सम्पमध्ये ओंजळभर जागा असेल तर चीटोमॉर्फा (चीटो, मुद्दाम वाढवायचं शेवाळ) ठेवा आणि त्याचा दिवा रात्री लावा. ते वाढलं की उपटून फेकायचं, फॉस्फेट त्याच्याबरोबर बाहेर जातो. रात्रीच्या दिव्याने पीएचही फार पडत नाही.

खारट_मी

स्किमरच्या शेजारी जागा आहे, चीटो बसेल. डीआयची नळी मागवली. ती येईपर्यंत पाणीबदल थांबवू की आहे त्याच पाण्याने करू?

सिंधुसखा

भर घालायला तोवर डिस्टिल्ड पाणी वापरा. घासणं सुरू करा पण पाणीबदल लहान ठेवा, सायफनमध्ये शेवाळ निघेल तेवढाच. आणि काढलेलं पाणी फिल्टर सॉकमधून गाळून परत ओतलंत तरी चालतं, तुकडे सॉकमध्ये अडकतात. तो सॉक मात्र त्याच दिवशी धुवा.