आर : १३-१३ ठिपक्यांच्या दोन राशी डॉट प्लॉटमध्ये २६ ची एकच रास कशा होतात?

प्रश्न

आर या संगणकभाषेतल्या जीजीप्लॉट२ या आलेखांच्या पॅकेजमध्ये डॉट प्लॉट (प्रत्येक मापाला एक ठिपका, सारखे ठिपके एकावर एक) काढतोय. डेटा आरसोबत येणाराच आहे: आयरिस या तीन जातींच्या फुलांच्या मापांमधली फक्त सेटोसा जात, ५० फुलं, पाकळीची लांबी. मापं ०.१ सेंमीपर्यंत घेतलेली आहेत, म्हणून बिनविड्थ ०.१ दिली:

जीजीप्लॉट(सेटोसा, एईएस(एक्स = पेटल.लेंग्थ)) +
जिओम_डॉटप्लॉट(बिनविड्थ = ०.१)

कोणतं माप किती वेळा आलं ते मोजणारं टेबल() चालवलं की १.४ ची १३ फुलं आणि १.५ ची १३ फुलं दिसतात. आलेखात मात्र या दोन्हींच्या जागी १.४५ वर एकच उंच रास येते. १.४५ हे माप डेटात एकदाही नाही! ती रास वरच्या कडेला कापलीही जाते. आणि वाय अक्षावर 'काउंट' लिहिलेलं असून आकडे ० ते १. खिडकी उंच-रुंद करून पाहिली, तर ठिपके लहान-मोठे होतात, पण अक्षावरचे आकडे जागचे हलत नाहीत.

मला प्रत्येक मापाची वेगळी रास आणि वाय अक्षावर खरी संख्या हवी आहे. पुढे तिन्ही जाती रंगांनी दाखवायच्या आहेत.

प्रतिसाद १

तिन्ही त्रासांचं मूळ एकच आहे. जिओम_डॉटप्लॉटमध्ये बिनविड्थ दोन कामं करते: कोणती मापं एका राशीत जायची हे ठरवते, आणि ठिपक्याचा व्यासही तीच ठरवते. हा व्यास एक्स अक्षाच्या एककात असतो.

आधी राशीचं बघू. मेथड दिली नाही तर 'डॉटडेन्सिटी' चालते. ही विल्किन्सन यांची १९९९ ची पद्धत. हिस्टोग्रामसारखे ठरावीक रकाने यात नसतात. सगळ्यात लहान मापापासून सुरुवात होते, तिथून बिनविड्थइतक्या अंतरातली सगळी मापं एका राशीत जातात, आणि त्यापलीकडे जे पहिलं माप सापडेल तिथून नवी रास. अंतर मोजताना टोकाचं मापही आत धरलं जातं, कारण दशांशाच्या चुका टाळायला सीमा किंचित पुढे सरकवलेली असते. तुमच्या डेटात १.० पासून ०.१ अंतरावर १.१ येतं, म्हणजे ते आत. पुढची रास १.२ आणि १.३, मग १.४ आणि १.५, मग १.६ आणि १.७, शेवटी एकटं १.९. राशींमध्ये अनुक्रमे २, ९, २६, ११, २ ठिपके, बेरीज ५०. प्रत्येक रास तिच्यातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मापाच्या बरोबर मध्ये काढली जाते, म्हणून ते १.४५.

उपाय: बिनविड्थ मापाच्या पायरीपेक्षा थोडी कमी ठेवा. इथे ०.०९. लगेच १.४ आणि १.५ वेगळे होतात.

आता कापली जाणारी रास. ०.१ व्यासाचा ठिपका तुमच्या पॅनेलच्या (आलेखाच्या चौकटीच्या) रुंदीचा जवळपास दहावा भाग व्यापतो. असे २६ रचले की उंची रुंदीच्या अडीचपट होते, मावणार कुठून? उंचीला किती जागा आहे हे जिओम_डॉटप्लॉट बघतच नाही. राशी वेगळ्या झाल्यावरही १३ ठिपके रुंदीपेक्षा उंचच जातील, म्हणून डॉटसाइज ०.५ करा. डॉटसाइजने व्यास बदलतो, राशी बदलत नाहीत.

वाय अक्षावरचे ० ते १ निरर्थक आहेत. जिओमच्या माहितीपानावर तो अक्ष लपवायला सांगितलंय, आणि घाईत तेवढं पुरतं: स्केल_वाय_कंटिन्युअस(नल, ब्रेक्स = नल). खरी संख्या हवी असेल तर वायचं एक एकक म्हणजे एका ठिपक्याची उंची, अशी सांगड घालावी लागते:

जीजीप्लॉट(सेटोसा, एईएस(एक्स = पेटल.लेंग्थ)) +
जिओम_डॉटप्लॉट(बिनविड्थ = ०.०९, डॉटसाइज = ०.५) +
स्केल_वाय_कंटिन्युअस(लिमिट्स = सी(०, १४), ब्रेक्स = सेक(०, १४, २), एक्स्पांड = सी(०, ०)) +
कोऑर्ड_फिक्स्ड(रेशो = ०.०४५)

०.०४५ म्हणजे ०.०९ गुणिले ०.५. यातला एक आकडा बदलला की रेशोही बदला, नाहीतर अक्ष खोटं बोलेल आणि इशारा कुठेच येणार नाही. म्हणून दोन्ही आकडे वर चलांत ठेवून गुणाकार कोडमध्येच केलेला बरा. स्टॅकरेशो (एकावर एक ठिपके किती जवळ रचायचे ते) १ वरच राहू द्या. तो हलवला की ठिपका आणि आकडा यांची जोडी सुटते.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, पण मापं आधीच ०.१ वर पूर्णांकित असतील तर मी जिओम_डॉटप्लॉटच्या वाटेला जाणार नाही. प्रत्येक मापात ठिपक्याचा क्रमांक स्वतः काढायचा आणि साधे बिंदू टाकायचे:

सेटोसा |> ग्रुप_बाय(पेटल.लेंग्थ) |> म्युटेट(क्रम = रो_नंबर()) |> अनग्रुप()

मग जिओम_पॉइंट(एईएस(पेटल.लेंग्थ, क्रम), साइझ = ३). वाय अक्ष आपोआप खरा, रेशोचा गुणाकार नाही, रास कापली जाण्याचा प्रश्न नाही. तोटा एवढाच की इथे बिंदूचा आकार कागदावरच्या मापात असतो, डेटाच्या एककात नाही. चित्र लहान केलं की ठिपके एकमेकांवर चढतात, मोठं केलं की फटी पडतात. त्यामुळे आधी जीजीसेव्हमध्ये रुंदी-उंची पक्की करा (समजा १६ बाय ११ सेंमी, ३०० डीपीआय), मग साइझ जुळवा. स्क्रीनवर बघून जुळवलेली साइझ फाइलमध्ये तशी दिसत नाही.

पॅकेजच नको असेल तर मूळ आरमधलं स्ट्रिपचार्ट(एक्स, मेथड = "स्टॅक", पीसीएच = १९, ऑफसेट = ०.५) आहे. ते फक्त अगदी सारखी मापं रचतं, त्यामुळे १३-१३ वेगळेच राहतात. मापं बारीक दशांशाची असतील तर आधी राउंड() करा, नाहीतर सगळे ठिपके एका ओळीत येतील.

प्रश्नकर्ता

०.०९ ने राशी सुटल्या, अक्षही जुळला. आता पूर्ण आयरिस घेऊन जातीनुसार रंग द्यायला फिल = स्पीशीज दिलं, तर ४.५ ते ५.१ या पट्ट्यात वर्सिकलर आणि वर्जिनिका या दोन जाती एकमेकांवर छापले जातात. ५.१ वर एकूण ८ हवेत, ७ च दिसतात.

प्रतिसाद १

आपोआप प्रत्येक गट शून्यापासून स्वतंत्र रचला जातो. वर्सिकलरचं १ फूल वर्जिनिकाच्या ७ च्या मागे लपलंय. दोन पर्याय एकत्र द्या: स्टॅकग्रुप्स = ट्रू आणि बिनपोझिशन्स = "ऑल". नुसतं पहिलं दिलं तर राशींच्या जागा गटागणिक वेगळ्या ठरू शकतात आणि ठिपके अर्धेमुर्धे एकमेकांवर येतात.

एक्सचा पल्ला आता १.० ते ६.९ झालाय, त्यामुळे ठिपका आपसूक लहान होईल. डॉटसाइज १ करा, रेशो ०.०९. सर्वांत उंच रास अजूनही १३ चीच आहे, म्हणून लिमिट्स तसेच चालतील. कडेची रेघ नको असेल तर कलर = एनए; आतला रंग फिलचा, कलर फक्त कडेचा.

चित्र लांबट पट्टीसारखं येईल. मला तरी इथे फॅसेट_रॅप(~स्पीशीज, एनकॉल = १) जास्त आवडेल: तीन पट्ट्या एकाखाली एक, एक्स अक्ष सामायिक, आणि कुठे किती एकमेकांत शिरतात ते रंगांशिवायही कळतं. फक्त स्केल्स = "फ्री" देऊ नका; कोऑर्ड_फिक्स्डसोबत ते चालत नाही, त्रुटी येते.

प्रतिसाद ३

एक भर. ठिपके किती आणि जागा किती हे दर वेळी हाताने जुळवायचं नसेल, तर जीजीडिस्ट पॅकेजमधलं जिओम_डॉट्स बघा. बिनविड्थ दिली नाही तर सर्वांत उंच रास जागेत मावेल अशी ते स्वतः निवडतं. मात्र ती निवड तुमच्या ०.१ च्या पायरीशी जुळेलच असं नाही. म्हणून चित्र काढल्यावर एखादी रास टेबल()शी ताडून पाहा, इथे १.४ वर १३ मोजले तरी पुरे.