लंडन : मुलांची भाडी आणि संग्रहालयांचा क्रम

मुलासह लंडनला जाणाऱ्या एका कुटुंबाने तेथील प्रवास आणि संग्रहालयांविषयी सल्ला विचारला आहे. सर्वांनी बँकेचे कार्ड दाखवूनच प्रवास करावा, ऑयस्टर कार्डाची (आधी पैसे भरून ठेवायचे लंडनचे प्रवास कार्ड) गरज नाही, हा त्यांना मिळालेला सल्ला मोठ्यांपुरता योग्य आहे. 11 वर्षांखालील मुलांचाही प्रश्न नाही, कारण भाडे भरणाऱ्या एका मोठ्या माणसाबरोबर अशी चार मुले भुयारी रेल्वेने विनामूल्य जाऊ शकतात. मात्र या कुटुंबातील मुलगा 13 वर्षांचा आहे आणि बँकेच्या कार्डावर त्याला पूर्ण भाडे पडेल. त्याच्यासाठी ऑयस्टर कार्ड घेऊन त्यावर स्थानकातील कर्मचाऱ्याकडून ‘यंग व्हिजिटर’ सवलत नोंदवून घ्यावी, म्हणजे 14 दिवसांपर्यंत निम्मे भाडे लागते. नोंदणीच्या वेळी मुलगा सोबत हवा. आम्ही मुलीला हॉटेलात ठेवून गेलो आणि हात हलवत परत आलो.

ब्रिटिश म्युझियम आणि नॅचरल हिस्टरी म्युझियम एकाच दिवशी पाहण्याचा त्यांचा बेत मात्र मला पटत नाही. साउथ केन्सिंग्टन स्थानकातून निघणाऱ्या पादचारी भुयाराने नॅचरल हिस्टरी, सायन्स आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ही तिन्ही संग्रहालये गाठता येतात, त्यामुळे तो परिसर एका दिवसासाठी वेगळा ठेवावा. तो दिवस शुक्रवार असल्यास उत्तम, कारण व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट त्या दिवशी रात्री दहापर्यंत उघडे असते आणि टिपूचा लाकडी वाघ संध्याकाळी निवांत पाहता येतो. चॉक फार्म स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, 10, किंग हेन्रीज रोड येथे डॉ. आंबेडकर 1921-22 मध्ये राहत असत ते घर आहे. महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन तेथे स्मारक केले आहे. त्यांना सुचवलेल्या ठिकाणांच्या यादीत ते कोणीच लिहिलेले दिसले नाही.