सीमा एक, मग येणारा माणूस कोणाचा? युरोपच्या आश्रय धोरणाबद्दल

ग्रोनिंगेनकर

इथे नेदरलँड्समध्ये, ग्रोनिंगेनच्या लायब्ररीत दर बुधवारी डच बोलायचा कट्टा भरतो, टालकॅफे म्हणतात त्याला, कॉफी फुकट आणि आपलं डच चुकलं तरी कोणी हसत नाही. २०२३ मध्ये तिथे इरिट्रियाचा एक पोरगा यायचा, बावीस-तेवीसचा असेल. वहीच्या मागच्या पानावर उभ्या रेघा मारलेल्या, चार उभ्या एक आडवी, आपण पत्त्यांचे डाव मोजायला मारतो तशा. मला वाटलं नवीन शब्द मोजतोय, तर तो दिवस मोजत होता. "मला डब्लिन आहे" म्हणाला, कावीळ आहे म्हणावं त्या सुरात.

डब्लिन म्हणजे १९९० चा करार, पुढे त्याचा कायदा झाला, तिसरा अवतार २०१३ चा. ढोबळ नियम असा की युरोपात पहिलं पाऊल जिथे पडलं तो देश अर्ज बघणार. हा लिबियाहून बोटीने इटलीत उतरला, बोटांचे ठसे तिथे घेतले गेले, म्हणून नेदरलँड्स म्हणतं इटलीत जा. इटलीने डिसेंबर २०२२ मध्ये सर्क्युलर काढून सांगितलं की जागा नाही, पाठवू नका. पण विनंतीला मुदतीत उत्तर दिलं नाही तर नियमाने तो होकार धरतात, म्हणजे कागदावर होकार आणि प्रत्यक्षात दार बंद! आणि होकारानंतर सहा महिन्यांत रवानगी झाली नाही तर जबाबदारी इकडे येते. त्या रेघा त्यासाठी. हा पोरगा देश सोडून का पळाला हे तोपर्यंत कोणी विचारलंही नव्हतं, सगळा वेळ "हा कोणाचा" यातच गेला.

माझं म्हणणं एवढंच, शेंगेनसाठी, म्हणजे देशादेशांत तपासणीशिवाय फिरता यावं म्हणून, आतली फाटकं काढलीत ना, मग अर्ज बघायची पद्धत, निकष आणि खर्च एकत्रच पाहिजे. १९९९ ला युरोपियन युनियनच्या नेत्यांच्या टाम्पेरेच्या बैठकीत हे ठरलं होतं आणि तेव्हापासून घोंगडं भिजत पडलंय. मे २०२४ ला नवीन पॅक्ट, म्हणजे सगळ्या युनियनसाठी आश्रयाच्या नियमांचा एकच संच, एकदाचा मंजूर झाला, लागू व्हायची तारीख १२ जून २०२६. मी त्याच्या बाजूने आहे. हाणा आता.

तिरपा_टांगा

हाणतोच. साहेब, तुम्ही पॅक्ट वाचलाय का नुसती हेडलाइन? तुमच्या त्या पोराचा डब्लिन कुठे गेलाय, पाटी बदलली फक्त. पहिला देशच जबाबदार हे तसंच ठेवलंय, उलट चोरवाटेने आलेल्याची जबाबदारी आधी १२ महिने होती ती आता २० महिने केलीये. म्हणजे इटली, ग्रीस अजून अडकले.

आणि वाटपाचं म्हणाल तर ते एकदा करून झालंय. सप्टेंबर २०१५, इटली आणि ग्रीसमधून १ लाख ६० हजार लोक बाकीच्या देशांनी वाटून घ्यायचे. हंगेरी, चेक, स्लोव्हाकिया, रोमानिया विरोधात असताना बहुमताने रेटलं. शेवटी हलले जेमतेम ३५ हजार, हंगेरीने एकही घेतला नाही. कोर्टात हरले तरी नाही घेतला. जी गोष्ट लोकांनी मतपेटीतून मागितलीच नाही ती ब्रुसेल्सने लादली की असंच होणार, मग त्यातूनच तुमच्या नेदरलँड्सचे विल्डर्स आणि हंगेरीचे ऑर्बान यांच्यासारखे आश्रयविरोधी नेते मोठे होतात.

ग्रोनिंगेनकर

२० महिन्यांचा मुद्दा मान्य, तो मी सोयीस्करपणे गाळला असं म्हणा हवं तर. पण २०१५ आणि आता यात फरक आहे, आता माणूसच घ्या अशी सक्ती नाही. माणूस घ्या, नाहीतर माणशी २० हजार युरो द्या, नाहीतर तंबू-कर्मचारी पाठवा. सरसकट सुटका मात्र कोणाला नाही.

तिरपा_टांगा

हो ना, माणसाचा भावच काढला, २० हजार. बाजार समितीत पाटी लावा आता.

म्युनिकची_सूनबाई

दोघेही हवेत बोलताय. मी २०१५ ला म्युनिकच्या स्टेशनवर होते, लोक टाळ्या वाजवत होते, खाऊ-खेळणी वाटत होते, मीपण पार्ले-जीचे पुडे नेले होते, इंडियन दुकानातून आणलेले. आज त्याच शहरात, त्याच लोकांशी बोलून बघा. कोणी राक्षस झालेलं नाहीये, पण घरं मिळत नाहीत, पाळणाघरात जागा नाही, आणि घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं असं वाटलं तर त्याला लगेच वंशवादी म्हणून मोकळं होऊ नका.

सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी लावलीये. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गहून येताना गाडी सीमेवरच्या फ्रायलासिंगला थांबते, पोलीस चढतात, पासपोर्ट काढा. म्हणजे शेंगेन तर असंही मोडत चाललंय! ते वाचवायचं तर बाहेरची सीमा कडक पाहिजे, म्हणून मला पॅक्ट हवाय. सात दिवसांत छाननी, ज्या देशांच्या लोकांना युरोपभर मिळून २० टक्क्यांपेक्षा कमी वेळा आश्रय मिळतो त्यांचा निकाल सीमेवरच १२ आठवड्यांत. त्या पोराच्या रेघांसाठी नाही हं, गर्दी आवरण्यासाठी. आपण एकाच बाजूला आहोत पण कारणं उलटी आहेत एवढं लक्षात ठेवा.

काठावरचा

ताई, सीमेवरच १२ आठवडे म्हणजे नेमकं कुठे? ग्रीसच्या लेस्बॉस बेटावर, मोरियात कुठे? तीनेक हजारांसाठी बांधलेला कॅम्प, सप्टेंबर २०२० ला जळाला तेव्हा १२ हजारांच्या वर माणसं होती आत. २०१६ च्या तुर्कस्तान डीलनंतर, म्हणजे बेटांवर आलेल्यांना परत तुर्कस्तानात धाडायचं ठरल्यावर, "सीमेवर पटकन निकाल" हेच चाललं होतं तिथे. पटकन म्हणता म्हणता लोकांची वर्षं गेली.

आणि युरोपला जमत नाही असं नाही, मनात असलं की जमतं. युक्रेनवाल्यांसाठी २००१ पासून धूळ खात पडलेला तात्पुरत्या संरक्षणाचा नियम ४ मार्च २०२२ ला लागू केला, युद्ध सुरू होऊन दहा दिवससुद्धा झाले नव्हते. ४० लाखांवर लोक. ना डब्लिन, ना रेघा, पाहिजे त्या देशात जा, लगेच काम करा. सिरियाच्या वेळी हाच नियम कपाटात होता की.

म्युनिकची_सूनबाई

शेजारी आणि दूरचा यात फरक प्रत्येक जण करतो, तुम्हीपण करता. पण मोरियाचं खरंय, त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

खवचट_काका

आम्ही नाशिकात बसून युरोपची काळजी करायची म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, पण एक बातमी आपल्या घरची आहे म्हणून टाकतो. एप्रिल २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने सगळ्यांसाठी एकच "सुरक्षित देशांची" यादी सुचवली. बांगलादेश, कोलंबिया, इजिप्त, कोसोवो, मोरोक्को, ट्युनिशिया आणि भारत! म्हणजे आपल्याकडून कोणी आश्रय मागायला गेला तर आधीच गृहीत की याला घरी धोका नाही, धोका आहे हे त्याने सिद्ध करायचं. अभिमान वाटून घ्यायचा का राग धरायचा कळेना.

ग्रोनिंगेनकर

काका, नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांना याने काही फरक पडत नाही. पण यादी देशाची असते आणि जीव एकेकाचा, तिथे घोळ होतो. इटलीने अल्बानियात केंद्रं काढली, ऑक्टोबर २०२४ ला पहिली बोट भरून माणसं नेली, त्यातल्या बांगलादेशी आणि इजिप्शियन माणसांना रोमच्या कोर्टाने काही दिवसांत परत आणायला लावलं. कारण हेच, तुम्ही सुरक्षित म्हणता म्हणून देश सुरक्षित होत नाही.

तिरपा_टांगा

म्हणजे एकच यादी केली तरी कोर्टात भांडण, प्रत्येकाने वेगळी केली तरी भांडण. मग आपापली ठेवा ना, निदान लोकांना कळेल शिव्या कोणाला द्यायच्या.

ग्रोनिंगेनकर

आपापलं ठेवलं की काय होतं ते माझ्या घरापासून तासाभरावर आहे. टेर आपेल. अख्ख्या नेदरलँड्सचे आश्रयाचे अर्ज या एका खेड्यात नोंदवतात. २००० माणसांची मर्यादा ठरलेली, ऑगस्ट २०२२ मध्ये शेकडो लोक गेटबाहेर गवतावर झोपत होते. बाकीच्या गावांना जागा द्या म्हटलं की "आमच्याकडे नको". शेवटी फेब्रुवारी २०२४ पासून गावागावांत वाटपाचा कायदा आणावा लागला. पॅक्टचीच छोटी आवृत्ती, भांडणंपण तीच. टेर आपेलवाले चिडलेत ते मला बरोबर वाटतं, सगळा भार त्यांनीच का उचलायचा? इटलीच्या लाम्पेदुसाचं तेच. सहा हजार वस्तीचं बेट, सप्टेंबर २०२३ ला दोन-तीन दिवसांत त्याहून जास्त माणसं उतरली.

तिरपा_टांगा

स्वतःच्या देशातल्या गावांना पटवता येत नाही आणि निघाले हंगेरीला पटवायला. माझं मत बदललेलं नाही. त्या पोराचं काय झालं ते सांगा, ते अर्धवट सोडलंत.

ग्रोनिंगेनकर

सहा महिने भरले. त्याच्या आधी एप्रिलमध्ये इथल्या वरच्या कोर्टानेही सांगितलं होतं की इटलीत राहायची सोय नाही, सध्या पाठवू नका. त्या बुधवारी त्याने सगळ्यांना बिस्किटं वाटली. पुढच्या बुधवारी बघतो तर वहीत नवीन पान आणि परत चार उभ्या एक आडवी. म्हटलं आता काय? म्हणाला, आता मुलाखतीची तारीख.

मग त्याला दुसऱ्या गावच्या कॅम्पात हलवलं, कट्ट्यावर परत आला नाही.