हरलेल्या माणसांची सर्वंकष सत्तेला भीती का वाटावी? (सोव्हिएत रशिया, १९३७-३८)

ओसरी:
स्टालिनच्या दहशतीबद्दल वाचतोय. पक्षातले प्रतिस्पर्धी संपवले, लष्करी अधिकारी मारले, इथवर सत्तेचं राजकारण म्हणून कळतं. पण सगळ्यात जास्त मेले ते माजी कुलाक (सरकारनं सधन ठरवलेले शेतकरी), पाद्री, भुरटे चोर, शिक्षा भोगून परतलेले शेतकरी. यांच्या जमिनी १९३०-३३ मध्येच गेल्या होत्या. ते सत्तेचं काय वाकडं करणार होते? मग हेतू नेमका कोणता? 'स्टालिन वेडा होता' हे उत्तर कृपया नको.

दप्तरखाना:
भाषणं बाजूला ठेवा आणि एकच कागद नीट वाचा: एनकेव्हीडीचा (गुप्त पोलिसांचा) आदेश क्र. ००४४७. ३० जुलै १९३७ ला एनकेव्हीडीचा प्रमुख येझोवची सही, दुसऱ्या दिवशी पॉलिटब्युरोची (पक्षाच्या सर्वोच्च समितीची) मंजुरी, बहुतेक भागांत ५ ऑगस्टपासून अंमल, मुदत चार महिने.

माणसांचे दोन वर्ग केले होते. पहिल्याला गोळ्या, दुसऱ्याला ८ ते १० वर्षं छावणी. प्रत्येक प्रांताला दोन्हींचे आकडे वरून ठरवून दिले. मॉस्को प्रांताला ५,००० आणि ३०,०००. लेनिनग्राडला ४,००० आणि १०,०००. काल्मिक प्रदेशाला १०० आणि ३००. हे आकडे किती गोल आहेत बघा. गुन्हे मोजून असे आकडे येत नाहीत. सगळे मिळून २,६८,९५० माणसं, त्यांत ७५,९५० गोळ्या घालण्यासाठी. खर्चाला ७.५ कोटी रूबल, त्यातले २.५ कोटी नुसत्या रेल्वेभाड्याला.

शिक्षा ठरवायची त्रोइका म्हणजे तिघांची समिती. त्यात साधारणपणे एनकेव्हीडीचा प्रांतप्रमुख, पक्षाचा सचिव आणि सरकारी वकील. आरोपी समोर नाही, बचावाचा वकील नाही, अपील नाही.

उत्तररात्र:
कागद बरोबर, पण तो त्याच महिन्यात का निघाला हे त्यातून पुरेसं कळत नाही. डिसेंबर १९३६ च्या राज्यघटनेनं माजी कुलाकांना आणि पाद्र्यांना मताधिकार परत दिला. १२ डिसेंबर १९३७ ला गुप्त मतदानानं निवडणूक होती. त्यातच जानेवारी १९३७ च्या शिरगणतीत निम्म्याहून जास्त प्रौढांनी आपण आस्तिक आहोत असं नोंदवलं, शिवाय दुष्काळामुळे लोकसंख्या अपेक्षेपेक्षा फार कमी भरली. सरकारनं ती शिरगणतीच रद्द केली आणि करणाऱ्या वरिष्ठांना अटक झाली. बाहेर जर्मनी आणि जपान, स्पेनमध्ये युद्ध चालू. युद्ध लागलं तर दुखावलेले लोक शत्रूला मिळतील, ही धास्ती होती.

म्हणजे ओसरी, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. जमीन गेली होती म्हणूनच ते धोकादायक ठरले. ज्याचं सगळं आपण हिरावलं, तो विसरला असेल यावर हिरावणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

ताळमेळ:
भीतीनं सुरुवात कळते, वाढ कळत नाही. आदेशात एक कलम आहे, ते सहसा कुणी सांगत नाही: स्थानिक प्रमुखांना आकडा स्वतःहून वाढवायला मनाई होती, कमी करायला मात्र परवानगी होती. वाढ हवी तर कारणांसह मॉस्कोकडे मागायची. तरी मागण्यांचा पाऊस पडला. ओम्स्कला पहिल्या वर्गासाठी १,००० ची मर्यादा होती. ऑगस्टच्या मध्यालाच तिथून ८,००० मागितले गेले आणि स्टालिननं स्वतःच्या हातानं मंजुरी लिहिली.

असं का झालं, तर ज्या अधिकाऱ्याला शत्रू कमी सापडतात तोच शत्रूंना पाठीशी घालतोय, असा संशय यायचा. दुसरं कारण तपासाच्या पद्धतीत आहे. तपास 'झटपट आणि सोपा' करा असा हुकूम होता, पण त्याच वेळी आरोपीचे सगळे साथीदारही शोधून काढायचे होते. मारहाण, न झोपू देणं, मग कबुलीजबाब, त्यात नवी नावं, त्या नावांच्या अटका. वर जाणाऱ्या अहवालात कट फुगलेला दिसायचा. ज्या भीतीपोटी मोहीम काढली, तिचा पुरावा मोहीमच तयार करून देत होती. सर्वंकष सत्तेला खरी माहिती मिळत नाही ती अशी. शिरगणतीवाल्यांनी खरा आकडा दिला, त्यांचं काय झालं ते वर आलंच आहे.

ओसरी:
म्हणजे यंत्रणा हाताबाहेर गेली, असं म्हणायचं का?

दप्तरखाना:
नाही. ताळमेळ यांचं वर्णन पटतं, पण त्यातून हा निष्कर्ष काढू नका. ३१ जानेवारी १९३८ ला पॉलिटब्युरोनं आणखी ५७,२०० माणसं मंजूर केली, त्यातली ४८,००० पहिल्या वर्गात. आणि १७ नोव्हेंबर १९३८ च्या एका ठरावानं त्रोइका बंद झाल्या, सामूहिक कारवाया थांबल्या. हाताबाहेर गेलेली गोष्ट अशी एका कागदानं थांबत नाही. आठवड्याभरात येझोवच्या जागी बेरिया आला. १९४० मध्ये येझोवलाही गोळ्या घातल्या आणि अतिरेकाचं खापर सोयीस्करपणे त्याच्यावर फुटलं.

जाता जाता, सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि अवनी मुखर्जी हे दोघे भारतीय क्रांतिकारक १९३७ मध्ये याच लाटेत मारले गेले.

ताळमेळ:
'हाताबाहेर' मीही म्हणालो नव्हतो, पण मुद्दा मान्य.

ओसरी, पुढे वाचताना आकड्यांत एक घोळ हमखास होतो. ६,८१,६९२ हा १९३७-३८ या दोन वर्षांतल्या राजकीय मृत्युदंडांचा एकूण आकडा आहे. आदेश ००४४७ खालचे सुमारे ३,८७,००० आणि पोलिश कारवाईतले (पोलंडशी संबंधाच्या संशयावरून पकडलेल्यांवरची मोहीम; आदेश ००४८५, ११ ऑगस्ट १९३७) १,११,०९१ हे दोन्ही त्या बेरजेच्या आतलेच. बरेच लेख ते पुन्हा वर मिळवतात. तुरुंगात किंवा छावणीत उपासमारीनं, आजारानं मेलेले मात्र यात धरलेले नाहीत. त्यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.