सल्ला हवा: 'मच अडू अबाउट नथिंग'चं दीड तासाचं मराठी अभिवाचन. कोणती प्रत घ्यावी? काय कापावं?

मोगरा
नमस्कार मंडळी. डोंबिवलीत आमच्या सोसायटीचा वाचनकट्टा आहे, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बसतो. मार्चमध्ये कट्ट्याला पाच वर्षं होतील. त्या दिवशी शेक्सपिअरचं 'मच अडू अबाउट नथिंग' मराठीत वाचायचं ठरलंय. भाषांतर मी करतेय, दोन अंक झाले आहेत. वाचणारे सात जण, चार बायका आणि तीन पुरुष. वेळ दीड तास, त्यापुढे एक मिनिट नाही, कारण नऊला हॉलला कुलूप लागतं. बजेट सगळं मिळून २,५०० रुपये. त्यातच प्रत, झेरॉक्स आणि चहा.

सध्या इंटरनेटवरून उतरवलेल्या मजकुरावर काम चाललंय, पण टिपा नसल्यामुळे अडते. चांगल्या टिपांची एक प्रत सुचवा. आणि दीड तासात बसवायला काय गाळू, तेही सांगा. नाटकात दोन जोड्या आहेत. एक हिरो (हे मुलीचं नाव, मेसिनाचा राज्यपाल लिओनाटो याची मुलगी) आणि क्लॉडिओ, यांचं लग्न खोट्या आरोपाने ऐनवेळी मोडतं. दुसरी बिअ‍ॅट्रिस आणि बेनेडिक, सतत एकमेकांना टोमणे मारणारे; मित्रमंडळी त्यांना बागेत लपून खोटं संभाषण ऐकायला लावतात आणि प्रेमात पाडतात. हिरो-क्लॉडिओचं कथानक काढून फक्त बिअ‍ॅट्रिस आणि बेनेडिक ठेवावेत असं कट्ट्यावर काहींचं म्हणणं आहे.

हेच नाटक का, तर माझ्या आईबाबांचं लग्न असंच जमलं. मोठ्या आत्याने बाबांना सांगितलं, "ती तुझ्याबद्दल विचारत होती." आईला सांगितलं, "तो तुझ्याबद्दल विचारत होता." विचारलं दोघांनीही नव्हतं. यंदा बेचाळीस वर्षं होतील. बागेतला प्रवेश पहिल्यांदा वाचला तेव्हा झाडाआडून आत्याच दिसली मला.

तिसरीघंटा
ताई, प्रत वगैरे नंतर, आधी माइकचं बघा. अभिवाचन पडतं ते आवाजावर. आम्ही गेल्या वर्षी चार कॉलर माइक आणि छोटा मिक्सर घेतला, १४,००० गेले, पण शेवटच्या रांगेतल्या आजींना शब्द न् शब्द ऐकू आला. त्याआधी एकच माइक हातोहात फिरवायचो, तेव्हा दर दुसऱ्या वाक्याला खरखर. सेकंडहँड मुळीच घेऊ नका.

कृष्णाकाठ
आर्डेनची (हे टिपांसकट शेक्सपिअर छापतात) प्रत घ्या, तिसऱ्या मालिकेतली, क्लेअर मॅकिअ‍ॅकर्न यांनी संपादित केलेली. दुसरा विचार करू नका. माझ्याकडे आर्डेनची सतरा नाटकं आहेत, एकेक करून अकरा वर्षांत जमवली. खाली टिपा इतक्या की काही पानांवर मूळ मजकूर चारच ओळी उरतो. १६०० सालच्या क्वार्टो, म्हणजे पहिल्या, छपाईत लिओनाटोच्या बायकोचं नाव आहे, इनोजेन. दोनदा रंगमंचावर येते, अख्ख्या नाटकात एक अक्षर बोलत नाही! आणि चौथ्या अंकात डॉगबेरीच्या (गस्तवाल्यांचा विनोदी प्रमुख) संवादांपुढे नटाचंच नाव छापलं गेलंय, केम्प. विल केम्प, त्या काळचा गाजलेला विनोदी नट. म्हणजे लिहितानाच नट डोळ्यांपुढे होता.

निवृत्त_मास्तर
मोगराताई, पैसे खर्चू नका. अमेरिकेतल्या फोल्जर शेक्सपिअर ग्रंथालयाने संपादित केलेला मजकूर त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे, ओळींच्या क्रमांकांसह. तालमीत 'दुसरा अंक, तिसरा प्रवेश, ओळ अमुक' म्हणता येतं, हे सोन्यासारखं आहे. टिपांसाठी कॉलेजच्या ग्रंथालयातून एक प्रत पंधरा दिवस आणा. मी मागे एका ऑनलाइन दुकानातून जुनी प्रत मागवली होती. आली ती चौथ्या अंकाची सोळा पानं गायब होऊन. लग्नाचा प्रवेशच नाही! परत पाठवायचा खर्च पुस्तकापेक्षा जास्त.

पिंपळपान
शेक्सपिअर कशाला हवाय? 'संशयकल्लोळ' करा. तसबिरीवरून गैरसमज, नवराबायकोचे संशय, सगळं आहे, आणि वर पदं! लोक गुणगुणत घरी जातील. आपलं सोडून परक्याचं का?

कृष्णाकाठ
@पिंपळपान, देवलांचं 'संशयकल्लोळ' (१९१६) मुळात फ्रेंच नाटककार मोलिएरवरून, इंग्रजीमार्गे आलेलं. म्हणजे तेही परक्याचंच की. आणि तिथे कुणी ठरवून फसवत नाही, माणसं आपापल्या संशयाने फसतात. इथे फसवणारे आहेत, योजना आखून. फरक मोठा आहे.

पिंपळपान
कुठून का आलेलं असेना, फाल्गुनराव आमचा आहे. देवलांनी तो इतका आमचा केला की मूळ शोधावं लागतं. हेच म्हणायचं होतं मला.

लेस्टरवासी
मी २०१२ मध्ये स्ट्रॅटफर्डला रॉयल शेक्सपिअर कंपनीचा प्रयोग पाहिला, दिल्लीत घडणारा! इक्बाल खान यांचं दिग्दर्शन, बिअ‍ॅट्रिस मीरा स्याल. लग्नघराची गडबड, नोकरचाकर, मोठं कुटुंब, मुलीच्या चारित्र्यावर भरमांडवात बोट. शेजारी बसलेल्या इंग्रज बाईंना वाटत असेल नवं काही, मला वाटलं हे नाटक आपल्याकडचंच. मोगरा, तुम्ही नावं बदलून मराठी लग्नघर करा. आणि केनेथ ब्रानाचा १९९३ चा याच नाटकावरचा चित्रपट सगळ्यांना एकत्र बसवून दाखवा. टस्कनीतलं ऊन, एमा थॉम्प्सनची बिअ‍ॅट्रिस. हिरो रात्री परपुरुषाला भेटतेय असं क्लॉडिओला भासवतात तो खिडकीचा प्रसंग त्यात डोळ्यांनी दिसतो. मूळ नाटकात तो रंगमंचावर घडतच नाही, कटातला बोराचिओ नंतर दारूच्या नशेत सांगतो तेवढंच.

आंबटगोड
एक वेगळा मुद्दा. सगळे त्या बागेतल्या फसवणुकीचं कौतुक करतात. माझ्या चुलतबहिणीचं स्थळ जमवताना मध्यस्थाने मुलाची नोकरी कायम आहे म्हणून सांगितलं, ती होती कंत्राटी. दोन्ही घरांना 'समोरचे उत्सुक आहेत' म्हणून कळवलं. लग्न टिकलं, पण पहिली तीन वर्षं तिने काय काढली ते मी पाहिलंय. बागेत जुळवणाऱ्या राजपुत्र डॉन पेद्रोची थाप गोड आणि हिरोला बदनाम करणाऱ्या त्याच्या भावाची, डॉन जॉनची, कडू, असं कसं? दोघंही लपून ऐकायला लावतात, दोघंही खोटं बोलतात.

तिसरीघंटा
@आंबटगोड, हेतू बघा ना. एकाला जुळवायचंय, दुसऱ्याला मोडायचंय.

आंबटगोड
मध्यस्थाचाही हेतू जुळवायचाच होता, दादा.

निवृत्त_मास्तर
आंबटगोड, तुमची चीड रास्त आहे, पण नाटकात एक जागा बघा. दुसऱ्या अंकात, बागेच्या प्रवेशाच्या आधीच, बिअ‍ॅट्रिस डॉन पेद्रोला सांगते की बेनेडिकने पूर्वी एकदा तिचं मन जिंकलं होतं, खोटे फासे टाकून. एका वाक्यात येतं आणि जातं. म्हणजे काहीतरी होऊन गेलेलं आहे, दुखावलेलं आहे. मित्रांनी नसलेलं प्रेम निर्माण केलं नाही, राखेवर फुंकर घातली. तुमच्या मध्यस्थाने नसलेली नोकरी निर्माण केली. ते वाक्य कापू नका, मोगराताई. दुसरं म्हणजे बेनेडिकचा बागेतला प्रवेश गद्यात आहे आणि बिअ‍ॅट्रिसचा पद्यात. सगळं ऐकून झाल्यावर तिच्या तोंडी दहा ओळी येतात, यमकं जुळवून. एरवी तलवारीसारखी गद्यात बोलणारी बाई एकदम छंदात बोलू लागते. भाषांतरात हे दिसलं पाहिजे.

गस्तवाला
कॉलेजात मी डॉगबेरी केलाय. स्नेहसंमेलनात पहिला क्रमांक! डॉगबेरी कापलात तर नाटक मेलं. तो मोठे शब्द वापरायला जातो आणि भलतेच बोलतो. आम्ही मराठीत केलं होतं, "हुजूर, आमच्या गस्तीने दोन सुशिक्षित इसम पकडले आहेत!" म्हणायचंय 'संशयित'. हॉल कोसळला होता. घ्या बिनधास्त, ओळ तुमची. आणि खरं कुणी शोधून काढलं? राजपुत्राने नाही, सरदाराने नाही, या अडाणी गस्तवाल्यांनी.

लेस्टरवासी
+१, डॉगबेरी हवाच. चित्रपटात मायकल कीटनने केलाय. आणि हो, माइक घ्याच, तिसरीघंटा बरोबर सांगतायत.

कृष्णाकाठ
मी पूर्ण विरुद्ध मत मांडतो. हिरोचं कथानक कापा, निर्धास्त. ते शेक्सपिअरचं नाहीच. बांदेल्लोच्या इटालियन कथेत आहे, त्याआधी आरिओस्तोच्या काव्यात आहे. बिअ‍ॅट्रिस-बेनेडिक मात्र त्याची स्वतःची भर. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाने आपल्या प्रतीत नाटकाच्या नावाशेजारी स्वतःच्या हाताने या दोघांची नावं लिहून ठेवली होती. प्रेक्षक तेव्हापासून यांच्यासाठीच येतात. (आर्डेनच्या प्रस्तावनेत सगळं मिळेल.)

गस्तवाला
हिरो कापली तर डॉगबेरी पकडणार कुणाला?

पिंपळपान
अजूनही सांगतो, 'संशयकल्लोळ'.

मोगरा
सगळ्यांचे आभार, दोन दिवस धागा परत परत वाचतेय. फोल्जरचा मजकूर उतरवून घेतला, मास्तर, ओळींचे क्रमांक खरंच कामाचे आहेत. टिपांची प्रत भाचीच्या कॉलेजातून मिळतेय, आर्डेनचीच, त्यामुळे कृष्णाकाठ यांचंही ऐकलं असं म्हणा. माइक घेत नाही. क्लबहाउस लहान आहे, चाळीस खुर्च्या.

काल पहिली तालीम झाली. फक्त दोन बागेतले प्रवेश वाचले. माझ्या ज्या मैत्रिणीला बिअ‍ॅट्रिस दिलीय ती पडद्याआड उभी, हातात कागद, आणि समोर हिरो आणि तिची दासी अर्सुला बोलतायत की हिला स्वतःच्या बुद्धीचा इतका गर्व आहे की दुसऱ्याचं काही दिसत नाही, प्रेम करणं हिला जमणारच नाही. मैत्रिणीने कागद खाली घेतला. चेहरा लाल. म्हणाली, "अगं, हे लागतं." तेव्हा कळलं की या प्रवेशात गोड बोलणं फार थोडं आहे. दोघांनाही आपल्याच माणसांच्या तोंडून आपले दोष ऐकायला मिळतात. बेनेडिक म्हणतोच, स्वतःची निंदा ऐकून सुधारता येतं तो भाग्यवान. पुढच्या अंकात दाढी काढून येतो आणि दातदुखीचं निमित्त सांगतो. आंबटगोड, तुमच्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर हे. हे दोघं लपून स्वतःबद्दल ऐकतात आणि स्वतःला बदलतात. क्लॉडिओ लपून दुसरीबद्दल ऐकतो आणि तिला चर्चमध्ये, तिच्या बापासमोर, 'घ्या तुमची मुलगी परत' म्हणून ढकलतो. तिला एकदाही एकांतात विचारत नाही.

म्हणून हिरो राहणार. चौथ्या अंकातला लग्नाचा प्रवेश जवळजवळ पूर्ण. हिरो खाली कोसळते, लिओनाटो बाप असून तिनं मरावं म्हणतो, फादर फ्रान्सिस तेवढा तिच्या चेहऱ्याकडे नीट बघतो. सगळे गेल्यावर बिअ‍ॅट्रिस आणि बेनेडिक दोघंच उरतात. प्रेमाची कबुली होते आणि पुढच्या श्वासाला ती म्हणते, "क्लॉडिओला मार." ती जागा मला मांडवात ऐकायचीय, विनोदी प्रवेशांच्या शेजारीच.

कापतेय तो डॉगबेरी. गस्तवाला, माफ करा. सात वाचकांत आणि नव्वद मिनिटांत तो बसत नाही, आणि घाईघाईने केलेला डॉगबेरी वाया जातो. निवेदक चार वाक्यांत सांगेल की गस्तीने ऐकलं, पकडलं, आणि लग्नाच्या सकाळी सांगायला आले तेव्हा लिओनाटोला वेळ नव्हता. 'सुशिक्षित इसम' मात्र निवेदकाच्या तोंडी ठेवतेय, तुमची परवानगी गृहीत धरून.

नावंही बदलत नाही, लेस्टरवासी. मेसिना मेसिनाच राहील. आईबाबा पहिल्या रांगेत बसणार आहेत, आत्याही येणार आहे. नावं मराठी केली तर तिला वाटेल हे तिच्यावरच लिहिलंय.

गस्तवाला
चूक करताय ताई. खेद वाटला. पण ओळ वापरा.

कृष्णाकाठ
हिरो ठेवून डॉगबेरी काढणं म्हणजे गाठ ठेवून सुरी फेकणं. तरी पण प्रयोगाला येईन म्हणतो, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आंबटगोड
उत्तर पटलं, अर्धं. चुलतबहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मध्यस्थाने माझे दोष त्याला आणि त्याचे मला सांगितले असते तर मी तेव्हाच हो म्हटलं असतं. बिअ‍ॅट्रिसच्या दहा ओळींचं भाषांतर झालं की इथे टाकाल का?

मोगरा
टाकते. चार ओळी ओवीत बसल्या आहेत, 'गर्व' या शब्दापाशी अडलेय. मास्तर, त्याला दोन अक्षरांत बसणारा, बाईच्या तोंडी शोभेल असा दुसरा शब्द सुचतो का?

निवृत्त_मास्तर
'ताठा'.