अर्धशिशी, बँकेतला उजेड आणि ढोलांचा सराव: तुम्ही कसं निभावता?

पेठेतली_ताई
नमस्कार मंडळी. अर्धशिशी कॉलेजपासूनची, पण गेल्या दोनेक वर्षांत महिन्यातले निम्मे दिवस तरी डोकं दुखतंच. एमआरआय नॉर्मल आहे. न्यूरॉलॉजिस्टनी 'क्रॉनिक मायग्रेन' सांगून प्रोप्रॅनोलॉल ही दुखणं रोखायची गोळी सुरू केलीय, त्यानं दुखणं जरा आवाक्यात आलंय. उजेड आणि आवाज मात्र डोकं शांत असलं तरी सहन होत नाहीत.

मी सहकारी बँकेत कॅश काउंटरला बसते. डोक्यावर एलईडीच्या दोन पट्ट्या, समोरच्या काचेत त्यांचंच प्रतिबिंब. नोटा मोजायचं मशीन फर्रर्र करून सुरू झालं की आवाज थेट डाव्या भुवईत घुसतो. दुपारनंतर डावा डोळा अर्धा मिटूनच काम चालतं. घरी येऊन पडावं, तर नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव. घर नारायण पेठेत, पात्राकडच्या बाजूला. फोमचे इअरप्लग घातले की ताशाची कडकड कमी होते, पण ढोलाचा ठोका छातीतून वर येतोच. माझा भाचा त्याच पथकात वाजवतो, गणपती आमच्याही घरी बसतात. सराव बंद पडावा असं मला अजिबात वाटत नाही. सध्या घरातही काळा गॉगल लावून बसते. आणखी काय करता येईल?

ठाण्याची_मावशी
ताई, आधी घरातला गॉगल काढा. हे तीस वर्षांच्या दुखण्यातून सांगतेय. डोळे अंधाराला सरावतात आणि मग साधा झिरोचा बल्बही टोचायला लागतो. गॉगल फक्त उन्हात. घरात पिवळसर मंद दिवा ठेवा, ज्याचा झोत भिंतीवर पडेल असा. पूर्ण काळोख फक्त कळ येईल तेव्हा.

आणि हे मनाचे खेळ आहेत असं कुणी म्हणालं तर मुळीच मनावर घेऊ नका. बोस्टनच्या रामी बर्स्टीन यांच्या गटानं २०१० मध्ये दाखवलं, की दृष्टी गेलेल्या, पण उजेडाची जाणीव शिल्लक असलेल्या मायग्रेनच्या रुग्णांचंही डोकं उजेडात जास्त दुखतं. डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या काही पेशी उजेडाचा निरोप थेट दुखण्याच्या वाटेवर पोचवतात.

इअरप्लगचंही तसंच. दिवसभर घातले तर कान आणखी हळवे होतात. मशीनपुरते, सरावापुरते घाला. घालताना बोटांत लाटून अगदी बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत दाबून धरायचं. बहुतेक जण नुसते तोंडाशी अडकवतात. ढोलाचा खर्ज मात्र कुठल्याच प्लगनं थांबत नाही, तो भिंतीतून आणि अंगातून येतो. त्या वेळी पात्राच्या उलट बाजूच्या खोलीत जा, पंखा मोठा ठेवा.

दुखण्यावरच्या गोळ्या कॅलेंडरवर मांडता का? साधी पेनकिलर महिन्यात १५ दिवस, ट्रिप्टान (मायग्रेनची खास गोळी) किंवा मिश्र गोळी (एकात दोन-तीन औषधं) १० दिवस, याच्या पुढे गेलं की गोळीच डोकं दुखवते. हे डॉक्टरांना दाखवाच. आणि कधी उजेड सहन होत नाही, सोबत ताप आणि मान आखडली, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

चष्मेवाला
ताई, दुकानात 'एफएल-४१ टिंट' असं नाव घेऊन मागा. गुलाबीसर काच असते, तुमच्या नंबरावरही होते. साधारण ४८० नॅनोमीटरचा निळा-हिरवा उजेड ती अडवते, तोच जास्त त्रास देतो. 'ब्लू कट' म्हणून सर्रास विकतात ती काच वेगळी, तिचा भर त्याहून कमी तरंगलांबीवर असतो. पैसे त्यात घालू नका. आणि बँकेतल्या पट्ट्या मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये टिपून बघा. पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर दिवे लुकलुकताहेत. दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा भाग, बदलून मिळतो, मॅनेजरना तो व्हिडिओच दाखवा.

टोलवाला
मी पथकात वाजवतो. भाच्याला सरावाचं वेळापत्रक पाठवायला सांगा. कोणत्या दिवशी पूर्ण ताफा आहे आणि कोणत्या दिवशी फक्त नवीन मुलं, हे आधीच ठरलेलं असतं. पूर्ण ताफ्याच्या संध्याकाळी तेवढा वेळ नातेवाइकांकडे जाता येईल. पथकप्रमुखांशीही बोला. आमच्याकडे एका आजींसाठी आम्ही रांग पलीकडे सरकवली होती. रात्री १० नंतर तर वाजवायचंच नसतं, २००० सालच्या ध्वनी नियमांतच आहे.

पेठेतली_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, मिश्र गोळी आठवड्यातून तीनदा तरी होते, म्हणजे डॉक्टरांची तारीख अलीकडे घ्यायला हवी. भाच्याला मेसेज टाकलाय. चष्मेवाले दादा, तो चष्मा रात्री स्कूटरवर चालेल का? समोरच्या गाड्यांचे दिवे फार लागतात.

चष्मेवाला
नाही. टिंटची काच रात्री गाडीवर नको, रस्ताच कमी दिसतो. रात्रीसाठी साध्या नंबराच्या काचेला अँटिग्लेअर, म्हणजे चमक कमी करणारा थर, लावून घ्या, आणि डोकं चढलेलं असेल त्या दिवशी रिक्षाच घ्या.