मदत हवी आहे: मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर पोटाच्या स्नायूंचं ईएमजी

परळला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची ओपन सर्जरी झालेल्या रुग्णांत पोटाचे स्नायू कसे सावरतात, ते सरफेस ईएमजीने (त्वचेवर इलेक्ट्रोड लावून स्नायूंचे विद्युत सिग्नल मोजून) बघतो आहोत. सॅम्पलिंग २००० हर्ट्‌झ, दोन इलेक्ट्रोडमध्ये २० मिलिमीटर अंतर, फिल्टर २० ते ४५० हर्ट्‌झ, मग २५० मिलिसेकंदांच्या तुकड्यांवर आरएमएस (सिग्नलची सरासरी ताकद).

खरी अडचण नॉर्मलायझेशनची, म्हणजे आकडे एका ठरावीक संदर्भ-जोराशी ताडून बघण्याची आहे. टाक्यांवर ताण नको म्हणून पूर्ण जोर लावायला सांगता येत नाही, आणि दुखतं म्हणून रुग्णही हात राखून जोर लावतो. मग आरएमएस वाढला तर स्नायू सुधारला की नुसतं दुखणं कमी झालं, हे कसं ओळखायचं? सध्या उताणं झोपून फक्त डोकं उचलायचं आणि ५ सेकंद धरायचं, हाच संदर्भ घेतो. याहून भरवशाची हालचाल कुणी वापरतं का?

दुसरं म्हणजे हृदयाचे ठोके. आकुंचन क्षीण असलं की, विशेषतः डावीकडे, क्यूआरएसच (ठोक्याचा ईसीजीतला टोकदार भाग) सिग्नलवर चढून बसतो. हाय-पास (फिल्टरची खालची मर्यादा) ३० हर्ट्‌झवर नेल्यावर बराचसा जातो, पण मीडियन फ्रिक्वेन्सी (जिच्या खाली आणि वर सिग्नलची निम्मी-निम्मी ताकद असते) वर सरकते; त्यामुळे एका रुग्णाच्या सगळ्या भेटींना कटऑफ एकच ठेवावा लागतो. ठोक्याचा टेम्प्लेट (सरासरी नमुना) वजा करून कुणाला स्वच्छ सिग्नल मिळालाय का?

पावसाळ्यात घामाने इलेक्ट्रोड सुटतो आणि वीजपुरवठ्याचा ५० हर्ट्‌झचा गोंगाट वाढतो. केस काढून, स्पिरिटने पुसून, त्वचा पूर्ण वाळवून लावला तर टिकतो.

स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) असेल तर पिशवीची चकती इलेक्ट्रोडची जागाच खाते. अशा रुग्णांत डावी-उजवी तुलना सोडूनच द्यावी का?